खुंटीवरचा पंचा

रंजना धनावडे काय काम करते हे पहिल्यांदा ऐकलं की सगळेच हसायचे. कुत्र्यांना लळा लावायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, असली नोकरी असते होय? तिच्या जावा तर तोंडाला पदर लावून हसायच्या. मेढ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला जे श्वान केंद्र होतं, तिथल्या कागदांवर तिच्या हुद्द्याचं नाव 'सोबती' असं होतं. काम म्हणाल तर एवढंच. एखादं बेवारस कुत्रं आलं की त्याच्याजवळ बसायचं, त्याला हाताने भरवायचं, आजारी पडलं तर मांडीवर घ्यायचं. नव्वद दिवस त्याचं सगळं जग आपण व्हायचं आणि एक्याण्णवाव्या दिवशी त्याने आपल्याला विसरून जायचं.

हे शेवटचं ऐकलं की हसणारे गप्प व्हायचे. मग विचारायचे, विसरायचं कशाला?

त्याचं कारण डॉक्टर मृणालिनी आठल्ये यांनी रंजनाला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. बाई मेंदूच्या मोठ्या अभ्यासक, केंद्र त्यांनीच उभं केलेलं, पण बोलणं साधं. दरडीखाली अडकलेलं जिवंत माणूस हुडकायला कुत्र्याच्या नाकासारखं दुसरं साधन अजून निघालं नव्हतं. रडार ओल्या चिखलात फसायचे, उष्णता टिपणारे ड्रोन दोन हात मातीपुढे निरुपयोगी ठरायचे. पण एक कुत्रं तयार करायला दोन वर्षं लागत आणि घाटातल्या दरडी काही दोन वर्षं थांबत नव्हत्या. उलट निवाऱ्यांमध्ये शेकडो कुत्री नुसती पडून होती. मार खाल्लेली, टाकून दिलेली. चेंडूच्या आमिषाने शिकवायला जावं तर ती चेंडूकडे बघायचीसुद्धा नाहीत.

"पण त्यांना एक भूक असते, रंजनाताई," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "आपल्या माणसाची. टाकलेलं कुत्रं त्या एका माणसाचा वास शोधत आयुष्य काढतं. ती ओढच आपण कामाला लावायची."

बाईंचा शोध तो हाच. जुनी आठवण एरवी भाजलेल्या मडक्यासारखी पक्की असते. पण ती जागी केली, म्हणजे त्या माणसाच्या अंगचं फडकं कुत्र्याच्या नाकाशी धरलं, की चार-पाच तास ती पुन्हा ओल्या मातीसारखी मऊ पडते. तेवढ्या वेळात कुत्र्याच्या डोक्यावर एक टोप चढवायचा. टोपातल्या ध्वनिलहरी मेंदूत नेमक्या त्या जागी पोचायच्या, जिथे वासाची आणि मायेची गाठ बसलेली असते. ती गाठ सोडवायची आणि जुन्या वासाच्या जागी गाडल्या गेलेल्या माणसाचा, म्हणजे भीतीने फुटलेल्या घामाचा आणि कोंडलेल्या श्वासाचा वास बांधायचा. झालं. तीन आठवड्यांत कुत्रं तयार. मग ते दरडीवर असं सुटायचं की जणू मातीखाली त्याचं स्वतःचं माणूस आहे.

ज्यांना मालकाने आणून सोडलं त्यांचा प्रश्न नव्हता, मालक फडकं देऊन जात. पण रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला माणूसच नसतं. त्याला आधी माणूस मिळवून द्यावं लागे, मग काढून घेता येई. त्यासाठी सोबती.

रंजनाने अकरा कुत्री दिली. सगळ्यांची नावं तिला पाठ होती आणि त्यांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती. टोपाखालून बाहेर आलेलं कुत्रं कधी वाटेत भेटलं तर तिच्या शेजारून निघून जायचं. परक्या माणसाला कुत्रं निदान हुंगतं तरी. हिला हुंगायचंसुद्धा नाही. नाक वर करून, डांबरी रस्त्यावरून चालावं तसं पुढे. पहिल्या वेळी ती इतकी रडली की डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत नेऊन पाणी दिलं.

"तुम्ही त्याला आता परक्या, एवढंच," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही दरडीखाली सापडलात तर इतर कुणालाही शोधावं तसं तो तुम्हालाही शोधेल."

हे कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं. तपासावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

*

बारावा आला तो गुळ्या. हायवेवरच्या कुठल्याशा ढाब्यावर कुणीतरी त्याच्या पाठीवर कढईतलं तेल फेकलं होतं. गुळाच्या रंगाचं अंग आणि पाठीवर तळहाताएवढा बिनकेसांचा डाग. चाळीस दिवस त्याने कुणाच्या हातचं खाल्लं नाही. रंजना पिंजऱ्यात पाठ करून बसायची, काहीबाही बोलत राहायची. घरची रडगाणी, जावांच्या चहाड्या, पुण्याला दिलेल्या लेकीचे फोन. एकेचाळिसाव्या दिवशी त्याने मागून येऊन तिच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि तसाच उभा राहिला. अकरा कुत्री एका बाजूला आणि तो एक क्षण एका बाजूला, असं रंजनाला वाटलं. आता काही खरं नाही आपलं, हेही तिला तेव्हाच कळलं.

गुळ्याला आणखी एक माणूस होतं, जालिंदर. रंजनाचा नवरा. वाघदऱ्याला त्यांचं घर, थोडी नाचणी-भाताची जमीन, खाली ओढ्याच्या अंगाला गोठा आणि त्यात तीन म्हशी. रोज दुपारी तो बायकोची भाकरी घेऊन केंद्रावर यायचा. त्याच्या गाडीचा आवाज फाटकाशी आला की गुळ्या उठून उभा. जालिंदर शिंदीच्या सावलीत बसून भाकरी मोडायचा आणि पहिला, मोठा तुकडा गुळ्यापुढे धरायचा. खाऊन झालं की कुत्रं त्याच्या पायावर हनुवटी ठेवून पडायचं.

"नोकरी तुजी आन् लळा माजा," जालिंदर म्हणायचा. "सांग तुज्या म्याडमला."

"सांगते की. तुम्हालाच ठेवून घेतील मग."

सत्त्याऐंशीव्या दिवशी केंद्राने नेहमीप्रमाणे तिच्या हातात बंद पिशवीतलं पांढरं सुती फडकं दिलं. तीन दिवस ते अंगाला बांधून ठेवायचं, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. अकरा वेळा तिने ते नियमाने केलं होतं. या वेळी संध्याकाळी घरी आल्यावर ती ते फडकं मांडीवर घेऊन चुलीपुढे बसून राहिली. भाजी करपली तरी तिला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालिंदर रानात निघाला तेव्हा ती दाराशी आडवी आली. हातात फडकं.

"अहो, हे बांधा डोक्याला. ऊन बघा काय पडतंय."

वैशाख होता, ऊन खरंच फार होतं. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि आजवर तिने त्याच्या डोक्यावरच्या उन्हाची अशी चौकशी कधी केली नव्हती. जालिंदर बघतच राहिला.

"आज काय, सूर्य तुज्या मावशीचा हाय व्हय?" असं म्हणाला खरं, पण फडकं त्याने डोक्याला घट्ट गुंडाळलं. तीन दिवस काढलं नाही. ते सांगितलंही त्याने चारचौघांत, पारावर बसून. आमची बायको म्हणती ऊन लागंल, बांधा. लोकांनी त्याची चेष्टा केली ती त्याने हसत ऐकून घेतली. रंजनाच्या कानावर हे आलं तेव्हा तिने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. पण गुळ्याला माणसं दोन आहेत, त्यातलं एक गेलं तरी यंत्राला पुरे, असा हिशेब तिने मनाशी केला होता. आणि जालिंदरचं काय जाणार होतं? एक कुत्रं त्याला ओळखणार नाही, एवढंच ना. तिचं तर सगळंच जाणार होतं.

चौथ्या दिवशी तिने ते फडकं केंद्रात जमा केलं.

फडकं नाकाशी धरल्यावर पडद्यावर उसळलेली मेंदूची रेघ बघून डॉक्टर आठल्ये खूश झाल्या. "काय ओढ आहे हो, ताई! तुमचा हात लागला की कुत्र्याचं सोनं होतं." टोप उतरवल्यावर तेच फडकं गुळ्यापुढे ठेवलं. त्याने ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे परीक्षा पास.

सगळे पांगल्यावर रंजना एकटी त्याच्या पिंजऱ्याशी गेली. गुळ्याने मान उचलली, नाक हललं आणि पुढच्या क्षणी तो तिच्या पोटात कपाळ खुपसून कुंई कुंई करत होता. ती त्याच्या गळ्यात पडून रडली. आयुष्यात इतका आनंद तिला क्वचित झाला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जालिंदर आला. बचाव पथकाचा जवान इकबाल मुजावर गुळ्याला न्यायला आला होता आणि पट्टा धरून फाटकाशी उभा होता.

"ये, गुळ्या," म्हणून जालिंदर खाली बसला. हातात भाकरीचा पहिला तुकडा.

गुळ्या त्याच्या दिशेने चालत आला. दोन पावलांवर आल्यावर त्याचं नाक वर गेलं, आणि डांबरी रस्त्यावरून जावं तसा तो जालिंदरच्या शेजारून निघून गेला. तुकडा हातातच राहिला.

"मला बी इसारला?" जालिंदरने रंजनाकडे पाहिलं. "तुला इसरायचा हुता न्हवं?"

"होतं असं कधीकधी," रंजना म्हणाली. "आपण एकत्रच असायचो ना त्याच्यापाशी."

जालिंदरने तो तुकडा खिशात घातला आणि गाडी सुरू केली. फडकं केंद्राने ठेवून घेतलं होतं; त्याला ते घरात सापडेना, म्हणून त्या आठवड्याच्या बाजारातून त्याने स्वतःच एक पांढरा पंचा आणला. रोज तो डोक्याला बांधायचा आणि घरी आल्यावर चुलीशेजारच्या खुंटीवर अडकवायचा. बायकोने सांगितलं होतं ना, ऊन लागेल म्हणून.

*

गुळ्याचं नवं नाव वज्र. गळ्यात घुंगूर बांधलेला पट्टा, कारण ढिगाऱ्यात कुत्रं दिसलं नाही तरी ऐकू यावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांत त्याने खंडाळ्याकडच्या एका पडलेल्या इमारतीतून चार माणसं काढली. इकबाल त्याला जिवापाड जपायचा. पथकाचा तळ केंद्राशेजारीच होता, त्यामुळे रंजना काहीतरी निमित्त काढून जाई आणि वज्र तिला बघून वेडा होई.

"ताई, हा तुम्हाला ओळखतो की काय?" इकबालने एकदा विचारलं.

"तो कुणालाही शेपूट हलवतो," ती म्हणाली.

भाद्रपदात गौरी-गणपती जाऊन आठवडा झाला होता. चार दिवस पाऊस खळला नव्हता. बुधवारी सकाळी साडेसातला रंजना केंद्रावर नव्या कुत्र्याला दूध पाजत होती, तेव्हा पथकाचा भोंगा वाजला. गावाचं नाव ऐकून तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. वाघदऱ्याचा डोंगर उतरला होता.

ती पथकाच्या गाडीतूनच गेली. घर जागेवर होतं. पण खालची आळी आणि ओढ्याच्या अंगाचे गोठे, तिथे आता नुसता लाल चिखलाचा उतार होता. सात माणसं बेपत्ता. जालिंदर सकाळी म्हशी सोडायला गोठ्यावर गेला होता, असं शेजारणीने सांगितलं. त्या दिवशी ऊन नव्हतं, पंचा खुंटीवरच होता.

गुळ्याने त्या दिवशी जे काम केलं ते बघणारे अजून सांगतात. दुपारपर्यंत खालच्या आळीतली दोन भावंडं जिवंत निघाली. तीन वाजता एक म्हातारी निघाली. लोक कुत्र्याच्या पाया पडू लागले. रंजना मात्र गोठ्याच्या जागेवरून हलायला तयार नव्हती. इकबालने तिच्यासाठी वज्रला तिथे एकदा आणलं, दोनदा आणलं. कुत्रं आलं तसं गेलं.

"ताई, मन घट्ट करा," इकबाल तिच्याजवळ येऊन हळूच बोलला. "इथे कुणी नाही. वज्र चुकत नाही. दादा ओढ्याकडे वाहून गेले असावेत. माती उपसायची मशीन मी तिकडे घेतो."

"एकदा अजून," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा तिने नीट पाहिलं. उलथलेल्या फणसाच्या मुळापर्यंत गुळ्या हुंगत आला. चिखल, दगड, पत्रा, मेलेली म्हैस, सगळं. फणसापाशी त्याचं नाक वर गेलं. तिथून फुटक्या गव्हाणीपर्यंत, वीसेक पावलं, तो डांबरी रस्त्यावरून चालावं तसा चालला. गव्हाणीपुढे नाक पुन्हा खाली आलं.

हे चालणं रंजनाने फाटकाशी पाहिलं होतं. तिला सगळं समजलं, अगदी तिथल्या तिथे समजलं. पण ते सांगायचं म्हणजे फडक्याचं सांगायला लागणार होतं. एवढ्या गावापुढे. थकलं असेल कुत्रं, असं तिने स्वतःला सांगितलं. सकाळपासून राबतंय बिचारं. तेवढ्यात पावसाने पुन्हा जोर धरला, वरून दगड सुटू लागले आणि पथकाच्या साहेबांनी अंधार पडायच्या आत काम थांबवलं. मशीन ओढ्याकडे गेली ती गेलीच.

पहाटे फटफटताच ती पथकाच्या तंबूत शिरली. डॉक्टर आठल्ये आल्या होत्या. त्या रंजनाला जवळ घ्यायला उठल्या, पण ती मागे सरली.

"मॅडम, फडकं माझं नव्हतं."

"कुठलं फडकं?"

"गुळ्याचं. माझा विसर पडू नये म्हणून मी यांच्या डोक्याला बांधलं होतं. तीन दिवस. यांना माहीत नाही."

डॉक्टर मटकन खाली बसल्या. त्यांच्यासारख्या बाईला पुढचं समजायला वेळ लागला नाही. "परकं नाही होत माणूस," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "गाठ सोडवताना आपण तो वास ओळखायची जागाच पुसतो. तो वास आला की मेंदू नाकाचं दार लावून घेतो. तेवढ्या हवेत त्याला काहीच येत नाही. चिखलसुद्धा नाही." त्यांनी इकबालकडे पाहिलं. "त्याला हुंगायला लावू नका. फक्त कुठे हुंगत नाही ते बघा."

इकबालने गुळ्याला पट्ट्याला धरून उतारावर उभं-आडवं फिरवलं. नाक वर गेलं की एक काठी रोवायची, खाली आलं की दुसरी. अर्ध्या तासात चिखलावर काठ्यांचं एक वेडंवाकडं रिंगण उभं राहिलं. वास पाण्याबरोबर उताराने खाली येतो, म्हणून त्याच्या वरच्या टोकाला, फणसाच्या मुळाशी माणसं हातांनी माती काढू लागली. रंजनाही नखांनी उकरत होती. गुळ्या तिच्याशेजारी शेपूट हलवत उभा होता. बाई कशाला उकरतेय, ते त्याला कळत नव्हतं.

साडेदहाला गोठ्याच्या वाशाखालून आवाज आला.

जालिंदर जिवंत होता. कमरेखाली वासा आणि दगड, वर पत्रा आडवा पडल्यामुळे श्वासापुरती जागा राहिलेली. तोंड निळं पडलं होतं. दगड काढेपर्यंत रंजना आडवी पडून त्याच्या डोक्याखाली हात देऊन होती.

"रंजे," तो म्हणाला. "गुळ्या आलता."

"हो. आलाय. हा बघा इथंच आहे."

"वरनं गेला. घुंगरू वळाकलं म्या. हाका मारल्या, गुळ्या गुळ्या म्हणलं. तीनदा गेला." त्याला दम लागला. "कशाचा राग धरलाय गं त्यानं? मोटा तुकडा तर त्यालाच द्यायचो."

"अहो, त्याला राग नाही. मी..."

"आन् पंचा घरीच ऱ्हायला. तू रागावशील." तो हसल्यासारखा दिसला. "डोकं लई भिजलंय."

"नाही रागावत. अहो, ऐका, ते फडकं..."

पथकाचा डॉक्टर तिला मागे ओढत होता, वासा उचलायचा होता. वासा उचलला. दबलेल्या पायांत साकळलेलं विष अंगभर गेलं आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या ॲम्ब्युलन्सपर्यंत पोचायच्या आधीच जालिंदर गेला. तिचं वाक्य तिच्या तोंडात राहिलं.

काल दुपारी निघाले असते तर कदाचित वाचले असते, असं तो डॉक्टर सहज, दुसऱ्याशी बोलताना म्हणाला. रंजना तिथेच उभी होती.

*

चौकशी झाली. रंजनाने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पहिल्याच दिवशी कळूनही आपण बोललो नाही, तेही सांगितलं. डॉक्टर आठल्येंनी चौकशीत तिच्यावर ठपका येऊ दिला नाही. "माया लावा असं आम्हीच सांगितलं आणि ती लागल्यावर काय होईल हे आम्ही विचारात घेतलं नाही," असं त्यांनी लिहून दिलं आणि केंद्राचं काम थांबवलं. जावा आता हसत नव्हत्या. एक जाऊ तर बोलायचीच बंद झाली.

काम थांबल्यावर कुत्र्यांना घरं शोधायची वेळ आली. दसऱ्याच्या सुमाराला इकबाल गुळ्याला घेऊन दाराशी उभा राहिला.

"नको," रंजना म्हणाली. "मला तो डोळ्यांपुढे नको."

"मी नेला होता घरी, ताई. पाच दिवस जेवला नाही. फाटकाकडे तोंड करून बसतो." इकबालचे डोळे भरले होते. "तुमच्याशिवाय याला कुणी नाही."

पट्टा सोडल्याबरोबर गुळ्या तिच्या अंगावर झेपावला. तिने त्याला ढकललं. तो पुन्हा आला. तिने दुसऱ्यांदा ढकललं तेव्हा त्याने मागे जाऊन तिच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि तसाच उभा राहिला. तिला हवं होतं ते तिच्याजवळ होतं. आता ते घ्यायचं कुठल्या तोंडाने, ते तिला कळेना. तिने भाकरी मोडून त्याच्यापुढे टाकली आणि त्याच्याकडे न बघता चुलीशी गेली.

नव्या घरात गुळ्याने कानाकोपरा हुंगला. उंबरा, जातं, धान्याची कणगी. खाटेपाशी आल्यावर त्याचं नाक वर गेलं. दाराआडच्या वहाणांपाशी गेलं. खुंटीखाली गेलं. हातातलं लाटणं फेकून मारावं असं रंजनाला वाटलं. तेच चालणं, तेच वर केलेलं नाक, ज्याने तिचा नवरा मारला.

मग लक्षात आलं, तशी ती जमिनीवर बसली. नाक वर जातंय म्हणजे तिथे ते आहेत. तिला नुसता जुना पंचा दिसत होता. तिच्या नाकाला काही येत नव्हतं. पण घरात जालिंदर अजून आहे, हे त्या कुत्र्याच्या न हुंगण्यावरून तिला कळत होतं. साऱ्या जगात तेवढी एकच खूण उरली होती.

त्या दिवसापासून ती गुळ्याला जवळ घेऊन बसू लागली. खाटेवरची वाकळ तिने धुतली नाही. त्या कोपऱ्यात सारवलं नाही. वारा सुटला की दार ओढून घ्यायची. लेक फोनवर म्हणायची, आई, पुण्याला ये, एकटी काय करतेस तिथे. ती म्हणायची, एकटी कुठे आहे.

रोज सकाळी गुळ्या चुलीपासून दाराकडे जायचा. खुंटीपाशी नाक वर गेलं की ती मनात म्हणायची, आज सांगते. अहो, फडकं मी बांधलं होतं. उन्हाचं निमित्त होतं. दरड पडली त्याच दिवशी मला कळलं होतं तरी मी बोलले नाही. एवढी तीन वाक्यं. पण ती ओठांपर्यंत यायची आणि मग तिला त्याचं ते पारावर बसून कौतुक सांगणं आठवायचं. उद्या सांगते, असं म्हणून ती चहाचं आधण ठेवायची.

दिवाळी सरता सरता गुळ्याने खाट हुंगली. पौषात वहाणा हुंगल्या. राहिली फक्त खुंटी. तिथलीही जागा कमी कमी होत गेली, आधी हातभर, मग वीतभर. माघ गेला, फाल्गुन गेला.

वैशाखात एका सकाळी ऊन अंगणातून आत आलं होतं. गुळ्या चुलीपासून उठला, आळस दिला, दाराकडे निघाला. खुंटीपाशी थांबला. रंजना त्याच्याकडे बघत होती. त्याने मान उंच केली, पंच्याचं खाली लोंबणारं टोक नाकाशी घेतलं आणि हुंगलं. सावकाश, पुन्हा पुन्हा, एखादं नवं फडकं हुंगावं तसं. मग काही नाही म्हणून ते सोडलं आणि बाहेर जाऊन उन्हात पडला.

रंजना उठली. तिने पंचा खाली काढला, त्याची घडी केली, पुन्हा मोडली.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली, "फडकं मी बांधलं होतं."

मग उरलेली दोन वाक्यंही ती बोलली. बाहेर गुळ्याने तिचा आवाज ऐकून कान टवकारले आणि शेपूट हलवली.